पॅरिसची खुर्ची नाकारणारा नोबेल विजेता: पॉल साबातिए

औषधं असोत की कापडाचे रंग, ती बनवताना अनेकदा एक टप्पा लागतो: रेणूतल्या नायट्रो गटाचं अमाइन करायचं, पण बाकी रेणूला धक्का लावायचा नाही.

१८५४ मध्ये बेशां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लोखंड आणि आम्ल वापरून नायट्रोबेंझीनपासून अ‍ॅनिलीन बनवलं. पण त्यात लोखंडाचा भरपूर गाळ उरायचा. त्याच वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनमध्ये पॉल साबातिए यांचा जन्म झाला.

पुढे ते तुलूझ विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे १८९७ पासून, धर्मगुरू असलेले सहकारी सांदरेन्स यांच्यासोबत ते तापवलेल्या धातूच्या भुकटीवरून हायड्रोजन आणि निरनिराळ्या पदार्थांची वाफ सोडून पाहू लागले. निकेलवर बेंझीनच्या कड्यानेही हायड्रोजन घेतला. तांब्यावर मात्र नायट्रोबेंझीनचा फक्त नायट्रो गट बदलला आणि कडं शाबूत राहिलं. मिळालं अ‍ॅनिलीन आणि पाणी. गाळ नाही!

१९०७ मध्ये पॅरिसहून मानाच्या पदासाठी बोलावणं आलं. साबातिए यांनी तुलूझ सोडलं नाही. १९१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि ग्रिन्यार यांना विभागून मिळालं. सांदरेन्स यांचं नाव मात्र त्यात नव्हतं. १९१३ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने पॅरिसबाहेर राहणाऱ्यांसाठी सहा जागा केल्या, तेव्हा पहिली निवड साबातिए यांची झाली.

१९४१ मध्ये तुलूझलाच त्यांचं निधन झालं. आजही कारखान्यांत बहुतेक अ‍ॅनिलीन बनतं ते हायड्रोजन आणि योग्य धातू निवडून.