विश्लेषण : गॅरेजमधल्या ‘एचपी’चा पैसा बिहारच्या गावांत कसा पोहोचला?

‘एचपी’ म्हटले की लॅपटॉप आणि प्रिंटर आठवतो. या दोन अक्षरांतले ‘पी’ म्हणजे डेव्हिड पॅकार्ड. त्यांनी कमावलेला पैसा मात्र समुद्री जीव, शेतजमीन आणि कोवळ्या वयातील मातृत्व रोखणे अशा वरवर संबंध नसलेल्या कामांवर खर्च झाला. त्यामागचा विचार काय होता?

कोण होते पॅकार्ड?

जन्म १९१२ चा, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या प्वेब्लो शहरातला. वडील वकील, आई शिक्षिका. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांची बिल ह्यूलेट यांच्याशी मैत्री झाली आणि १९३९ मध्ये ५३८ डॉलरच्या भांडवलावर पालो आल्टोतील एका गॅरेजमध्ये दोघांची कंपनी उभी राहिली. नाव कोणाचे आधी, हे नाणे उडवून ठरले. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत वॉल्ट डिस्ने यांचा स्टुडिओ होता. ‘फँटेशिया’साठी त्याने ध्वनितपासणीची आठ यंत्रे घेतली. १९६९ ते १९७१ या काळात पॅकार्ड अमेरिकेचे संरक्षण उपमंत्रीही होते.

फाउंडेशन का काढले?

१९६४ मध्ये पत्नी लुसिल यांच्यासह त्यांनी कौटुंबिक फाउंडेशन स्थापन केले. सुरुवातीचा कारभार घरगुतीच होता. देणग्यांवर चर्चा घरीच व्हायची, चार मुलेही त्यात असत. घराजवळच्या परगण्यांना आणि जन्मगावाला मदत करण्याचा पायंडा तेव्हापासूनचा.

समुद्राकडे मोर्चा कसा वळला?

मुलींमुळे. नॅन्सी आणि ज्युली दोघी सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक. कॅलिफोर्नियातील माँटेरे गावचा सार्डिन मासा बेसुमार मासेमारीत संपला आणि डबाबंद मासळीचे कारखाने ओस पडले. त्यातल्याच एका कारखान्याच्या जागी मत्स्यालय उभारण्यासाठी पॅकार्ड दाम्पत्याने ५.५ कोटी डॉलर दिले. १९८४ मध्ये ते खुले झाले. पैसे देऊन मोकळे होणे पॅकार्ड यांच्या स्वभावात नव्हते; लाटा निर्माण करणाऱ्या यंत्राच्या जुळणीत ते स्वतः रमले. १९८७ मध्ये त्यांनी सागरी संशोधन संस्था काढली. त्याच वर्षी लुसिल गेल्या.

मग लोकसंख्येचा विषय कुठून आला?

पॅकार्ड यांच्या हिशेबात तो वेगळा विषय नव्हताच. माणसांची संख्या अशीच वाढत राहिली तर जंगल, पाणी, समुद्र काहीच टिकणार नाही, अशी त्यांची धारणा होती. कुटुंबासाठी लिहून ठेवलेल्या टिपणात त्यांनी लोकसंख्यावाढ रोखण्याला अग्रक्रम दिला. ही मांडणी सरळ दिसते, पण धोकादायकही आहे. माणसाकडे आकडा म्हणून पाहिले की काय होते, हे आणीबाणीतील नसबंदीच्या सक्तीने भारताने अनुभवले आहे. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर जगभर भर बदलला. किती मुले हव्यात, कधी हव्यात, हा निर्णय स्त्रीचा, हे मान्य झाले.

बिहारमध्ये नेमके काय केले?

पॅकार्ड १९९६ मध्ये वारले आणि संपत्तीचा मोठा वाटा फाउंडेशनकडे गेला. त्यातून २००१ मध्ये बिहारमध्ये ‘प्रचार’ हा प्रकल्प सुरू झाला. काम पाहत होती पाथफाइंडर इंटरनॅशनल ही संस्था. मुलीचे लग्न १८ च्या आत, वर्षभरात पाळणा हललाच पाहिजे ही सासरची घाई, आणि अशक्त आई, अशक्त बाळ. यावर सक्ती नाही, तर बोलणे हा उपाय होता. अविवाहित मुलामुलींना प्रशिक्षण, नवविवाहित जोडप्यांसाठी स्वागत समारंभ आणि सासूबाईंशी वेगळ्या गप्पा. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण घरातला निर्णय बहुधा तिथेच होतो. लग्नाआधी प्रशिक्षण मिळालेल्या मुलींची लग्ने इतरांपेक्षा सुमारे अडीच वर्षे आणि पहिले बाळंतपण सुमारे दीड वर्ष उशिरा झाल्याचे पाहणीत आढळले.

जमिनीसाठी काय?

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील भूसंवर्धनासाठी पाच वर्षांचा १७.५ कोटी डॉलरचा कार्यक्रम आखला गेला. काही जमीन थेट विकत घेतली गेली. काही ठिकाणी मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, फक्त तिथे इमारती बांधण्याचा हक्क मोबदला देऊन कायमचा काढून घेतला.

पैसा आटला कसा?

फाउंडेशनची बहुतेक संपत्ती ‘एचपी’च्याच समभागांत होती. १९९९ च्या तेजीत ती १३ अब्ज डॉलरच्या घरात गेली. तीन वर्षांत निम्म्याहून खाली आली. ‘कॉम्पॅक’ कंपनी विकत घेण्याला फाउंडेशनने उघड विरोध केला होता, पण २००२ मध्ये भागधारकांनी निसटत्या बहुमताने तो व्यवहार मंजूर केला. देणग्यांना कात्री लागली, कर्मचारीही कमी झाले. बिहारमधील काम मात्र २०१२ पर्यंत चालले; अखेरच्या टप्प्यात ते सरकारी यंत्रणेतील ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत करून पाहण्यात आले.