बॉयलरपासून पोटापर्यंत : डॉ. इयान डोनाल्ड

अल्ट्रासॉनिक टेस्टिंग म्हटलं की आपल्याला वेल्डिंगमधली चीर आठवते आणि सोनोग्राफी म्हटलं की दवाखाना. या दोन टोकांना जोडणारा माणूस म्हणजे डॉ. इयान डोनाल्ड.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते. रडार आणि सोनारची ओळख तिथलीच. १९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

पोटातली गाठ भरीव आहे की पाण्याने भरलेली, हे पोट न उघडता कळणार कसं? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. जुलै १९५५ मध्ये ऑपरेशन करून काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत टाकून ते थेट रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कारखान्यात पोचले! वेल्ड तपासायचं मशीन गाठींवर लावलं, तर दोन्ही प्रकारचे प्रतिध्वनी चक्क वेगळे आले.

पुढे टॉम ब्राऊन हा केल्विन अँड ह्यूज कंपनीतला तरुण इंजिनीअर त्यांना येऊन मिळाला. प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहिली तर ध्वनी आत शिरत नाही, म्हणून पोटाला चक्क ऑलिव्ह तेल चोळत. बरेच डॉक्टर हसत. मग एक बाई आल्या. पोट फुगलेलं, निदान जठराच्या कॅन्सरचं, आशा सोडलेली. पडद्यावर मात्र स्वच्छ कडा असलेली पाण्याची गाठ दिसली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली आणि बाई वाचल्या. जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या कामाचा लेख आला, तेव्हा हसणारे गप्प झाले. स्वतः डोनाल्ड हृदयविकाराने आजारी असत, पण काम सुटलं नाही. १९ जून १९८७ रोजी ते गेले.

आज तेच तंत्र जांघेतल्या हर्नियासाठी, म्हणजे अंतर्गळासाठीही वापरतात. बहुतेक वेळा तो डॉक्टरांच्या हातालाच कळतो. पण कधी नुसतंच दुखतं, फुगवटा दिसत नाही. तेव्हा प्रोब ठेवून पेशंटला खोकायला लावतात. आतडं किंवा चरबी बाहेर सरकली, की पडद्यावर लगेच दिसते. हॉस्टेलवर असं दुखणं लाजेपोटी लपवणारे कमी नाहीत. त्यांनी दाखवून घ्यावं. आत न जाणारी, दुखणारी गाठ असेल तर रात्र काढू नये, तडक हॉस्पिटल गाठावं.

आणि पुढच्या वेळी लॅबमध्ये प्रोब हातात आला, की डिकीतल्या त्या गाठी जरूर आठवा.