शिशाचा पत्रा आणि डॉ. होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव उच्चारले की तुर्भ्याच्या अणुभट्ट्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु त्यापूर्वीच विज्ञानजगतात त्यांचा लौकिक झाला होता तो विश्वकिरणांच्या अभ्यासामुळे. त्या अभ्यासाच्या मुळाशी एक साधी वस्तू होती : शिशाचा पत्रा.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा. त्यासाठी १९२७ साली ते केंब्रिजला गेले. पण मन रमले पदार्थविज्ञानात. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शीक, अशी अट वडिलांनी घातली. १९३० साली ती पुरी करून भाभा आपल्या आवडत्या विषयाकडे वळले.

त्या सुमारास इटलीच्या ब्रुनो रोसी यांच्या प्रयोगांनी शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. रोसींनी तीन गायगर गणक असे मांडले, की एकच कण सरळ रेषेत तिन्हींतून जाऊ नये. वर शिशाचे पत्रे ठेवले. शिसे आले म्हणजे कण अडणार आणि नोंदी घटणार, असेच कोणालाही वाटेल. घडले उलटेच! तिन्ही गणकांत एकदम होणाऱ्या नोंदी प्रथम वाढल्या आणि शिसे एक-दोन सेंटीमीटरहून जाड झाल्यावर घटू लागल्या. दुसऱ्या एका प्रयोगात तर कित्येक कण मीटरभर शिशातूनही आरपार गेले.

१९३७ साली भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी याचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन शिशाच्या अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, बाहेर टाकतो. त्या फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, आणि तीही पुन्हा फोटॉन टाकते. अशी एकाची अनेक होत कणांची सर कोसळते. ऊर्जा वाटली जाऊन संपत आली की सर ओसरते. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच विचार मांडला.

मग मीटरभर शिसे भेदणारे कण कोणते? इलेक्ट्रॉनची ऊर्जा तर थोड्या शिशातच खर्च होते. ते इलेक्ट्रॉनहून जड असले पाहिजेत, कारण जड कण फोटॉन टाकून ऊर्जा गमावत नाही. असा कण अमेरिकेत त्याच वर्षी सापडला. आज आपण त्याला म्यूऑन म्हणतो.

१९३९ साली भाभा सुटीवर मायदेशी आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर सी. व्ही. रामन यांच्या सहवासात, त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग उभारला. १९४१ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर परदेशाची दारे खुली होती. पण १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली ती भारतातच.

याच संस्थेचे संशोधक पुढे आपल्या कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. तिथे शिशाच्या जागी प्रत्यक्ष डोंगराचा खडकच आला! सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, जिथे म्यूऑनही क्वचितच पोहोचतात, तिथे १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. पुढच्याच वर्षी, २४ जानेवारी १९६६ रोजी, माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचा अंत झाला. ते अवघे ५६ वर्षांचे होते.

प्रयोगशाळेत गणकावर पत्रा ठेवल्यावर नोंद घटण्याऐवजी वाढली, तर आपण ती चूक समजून वहीतून खोडतो. तसे करण्यापूर्वी भाभांची आठवण ठेवावी.