माळ्यावरचा मार्कोनी

मुलगा जुना रेडिओ खोलून बसला की घरात वडीलधाऱ्यांचा पारा चढतो. अभ्यास सोडून हे काय चालविले आहे, असे विचारले जाते. इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या एका घरातही एकेकाळी हाच प्रश्न वारंवार निघत असे. त्या मुलाचे नाव गुग्लिएल्मो मार्कोनी.

त्याचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा. वडील जमीनदार, आई आयर्लंडची. गरिबीतून वर आलेल्या थोरांत त्याला बसविण्याचे कारण नाही. घरी पैसा होता. पण शिक्षणात तो मागे पडला आणि विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला नाही. लिव्होर्नो येथे असताना दृष्टी गेलेल्या एका वृद्ध तारमास्तरांना तो पुस्तके वाचून दाखवी. त्यांनी मोबदल्यात त्याला मोर्सची लिपी शिकविली. शेजारी राहणारे प्राध्यापक रिगी यांनी आपल्या प्रयोगशाळेची दारे त्याच्यासाठी उघडली.

१८९४ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करणारे हर्ट्झ वारले. त्यांच्यावरील लेख वाचून या मुलाला ध्यास लागला, की या लहरींनी तारेवाचून संदेश का जाऊ नये? घराच्या माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळीत. तेथे त्याने बॅटरी, तारा आणि पत्रे मांडले. काचेच्या नळीत धातूचा बारीक कीस भरला. लहर आली की हे कण एकमेकांना चिकटत व त्यांतून वीज वाहू लागे. मग छोट्या हातोडीने नळीला टिचकी मारून ते पुन्हा सुटे करावयाचे. ही नळी फ्रान्सच्या ब्रान्ली यांची. मार्कोनीने कोणता कीस, किती बारीक, हे पुन्हा पुन्हा करून पाहिले. एका रात्री त्याने आईला उठवून वर नेले. इकडे बटण दाबले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला घंटी वाजली. मध्ये तार नव्हती.

वडिलांना हा वेळेचा व पैशाचा अपव्यय वाटे. १८९५ मध्ये मार्कोनीने यंत्राचे एक टोक उंच टांगले व दुसरे जमिनीत पुरले, तेव्हा पल्ला एकदम वाढला. भाऊ आल्फोन्सो ग्रहणयंत्र घेऊन टेकडीपलीकडे गेला. इकडून संदेश सुटला आणि पलीकडून बंदुकीचा बार ऐकू आला! मग वडिलांचाही हात सैल झाला.

त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनीही अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. म्हणून सारे श्रेय एकट्या मार्कोनीला देणे न्याय्य नाही. पेटंट मात्र त्याने घेतले, आईबरोबर लंडनला जाऊन, १८९६ साली अर्ज करून.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगाला बांधलेल्या तारेतून इंग्लंडहून आलेली तीन टिंबे ऐकू आल्याचे त्याने जाहीर केले. १९०९ मध्ये ब्राउन यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा सुमारे सातशे माणसे वाचली, ती बिनतारी हाकेमुळे मदतीस जहाज आले म्हणून.

उत्तरायुष्यात तो मुसोलिनीच्या पक्षात गेला, हेही सांगितले पाहिजे. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे तो वारला. त्याच्या सन्मानार्थ अनेक देशांतील रेडिओ केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली.