राणीच्या बागेतील संग्रहालय आणि डॉ. भाऊ दाजी

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय २ मे १८७२ रोजी खुले झाले. त्याला नाव मिळाले राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती अल्बर्ट यांचे. समितीचे चिटणीस या नात्याने ज्यांनी त्यासाठी निधी जमवला, ते डॉ. भाऊ दाजी लाड मात्र पडद्याआड राहिले.

गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड १८५१ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. कुष्ठरोगावर वनौषधी शोधत असतानाच त्यांनी अजिंठ्याचे शिलालेखही वाचले. १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात संपादक करसनदास मुळजी यांच्या बाजूने त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. धनिक वैष्णवांच्या मुंबईत हे धाडस सोपे नव्हतेच. पुढे १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते नगरपाल झाले. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

संग्रहालयाला भाऊंचे नाव लाभायला १९७५ साल उजाडावे लागले. म्हणजे मृत्यूनंतर तब्बल १०१ वर्षे! २००८ मध्ये नूतनीकरणानंतर ही वास्तू पुन्हा खुली झाली. पाटीवर नाव भाऊंचे असले, तरी मुख्य दालनात संगमरवरी पुतळा उभा आहे तो अल्बर्ट यांचाच.