होमी भाभांनी देशाला अणुभट्टी दिली, आणि स्वतःचा कॉम्प्युटरही

होमी भाभा म्हटलं की अप्सरा अणुभट्टी आठवते, ट्रॉम्बे आठवतं आणि माँ ब्लाँवर कोसळलेलं विमान आठवतं. पण भारतात डिझाइन करून बांधलेला पहिला सर्वसाधारण वापराचा डिजिटल कॉम्प्युटर त्यांच्याच संस्थेत तयार झाला, हे फारसं कुणी सांगत नाही. आज सरकारं, बँका, विद्यापीठं स्वतःचा प्रायव्हेट क्लाऊड उभा करताना ज्या प्रश्नापाशी अडतात, तोच प्रश्न भाभांसमोर १९५० च्या दशकात होता. मशीन कुणाचं आणि ते चालवणारी माणसं कुणाची?

इंजिनीअर व्हायला गेले आणि...

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. त्यांची आत्या मेहरबाई ही दोराबजी टाटांची पत्नी. पोराने केंब्रिजला जाऊन इंजिनीअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं, असा घरच्यांचा बेत होता. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, पण जीव रमला भौतिकशास्त्रात. आधी इंजिनीअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग हवं ते शिक, अशी तडजोड वडिलांशी झाली. भाभांनी ती १९३० मध्ये पूर्ण केली आणि मग मागे वळून पाहिलं नाही. विश्वकिरणांवरच्या कामामुळे जगात त्यांचं नाव झालं.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि तिकडे दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं राहिलं. सी. व्ही. रामन यांच्या छायेत बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते काम करू लागले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मूलभूत संशोधनाची संस्था आत्ताच काढली, तर पुढे अणुऊर्जेचे दिवस येतील तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा हिरोशिमाही घडलं नव्हतं!

१९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. बंगळुरूत पाया घातलेली ही संस्था त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली.

१० केबीचा कॉम्प्युटर

अणुसंशोधनाला अफाट आकडेमोड लागते. त्या काळात कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने इंग्लंडमधून कॉम्प्युटर मागवला. भाभांच्या संस्थेने दुसरा रस्ता धरला आणि मशीन इथेच बांधायचं ठरवलं.

आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा गट कामाला लागला. आधी छोटं प्रायोगिक मशीन झालं आणि १९६० मध्ये मोठं मशीन रीतसर सुरू झालं. १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आलेल्या पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक असं नाव दिलं. त्याच्या मेमरीत ४० बिटचे २,०४८ शब्द मावायचे. आजच्या हिशेबात जेमतेम १० केबी, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एका फोटोपेक्षाही कमी.

जगाच्या तुलनेत टिफरॅक लवकरच मागे पडला. पण तो बांधताना कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं हे जाणणारी माणसं देशात तयार झाली. खरी कमाई ती होती.

एक मशीन, अख्खा देश रांगेत

स्वतः बांधायचं म्हणून बाहेरचं काही घ्यायचंच नाही, असा हट्ट भाभांनी धरला नाही. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकी मदतीतून सीडीसी ३६०० हा त्या काळचा तगडा कॉम्प्युटर आला. माणसं तयार होती, त्यामुळे तो देशाचं सामाईक गणनकेंद्र बनला. ठिकठिकाणच्या संस्था आपलं गणित भोकं पाडलेल्या कार्डांवर घेऊन यायच्या आणि मशीन एकामागून एक कामं उरकायचं.

महागडं मशीन एका जागी ठेवायचं आणि अनेकांनी वापरायचं, ही कल्पना तिथे रोज राबत होती. अडचण एवढीच की प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागे.

वाडा एक, बिऱ्हाडं अनेक

त्याच दशकात अमेरिकेत आयबीएमच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत यावर वेगळा तोडगा निघाला. १९६७ च्या सुरुवातीला तिथे सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. एकाच मशीनवर प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतंत्र मशीन मिळाल्यासारखं वाटायचं. हेच व्हर्च्युअलायझेशन.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. इमारत एक, बिऱ्हाडं दहा, प्रत्येकाचं कुलूप वेगळं. वाडा म्हणजे खरा सर्व्हर, बिऱ्हाडं म्हणजे व्हर्च्युअल मशीन आणि मधल्या भिंती घालणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायझर. असे अनेक वाडे असले की कारभारी लागतो. नवं बिऱ्हाड कुठे बसवायचं, एका वाड्यावर भार वाढला तर कुणाला दुसरीकडे हलवायचं, कुणाला किती जागा द्यायची, हे सगळं मॅनेजमेंट टूल पाहतं. हे वाडे एकाच संस्थेसाठी राखलेले असले आणि किल्ल्या तिच्या हातात असल्या, की झाला प्रायव्हेट क्लाऊड.

फायदा काय? पूर्वी प्रत्येक कामाला एक वेगळा सर्व्हर घ्यायचा आणि तो दिवसातला बराच वेळ रिकामा बसायचा. आता तेच लोखंड अनेक कामांना पुरतं. एक सर्व्हर बिघडला तर त्यावरची कामं दुसऱ्यावर उभी करता येतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूरसारख्या तालुक्यात याचा अर्थ लगेच कळतो. पीक कर्जासाठी शेतकऱ्याला डिजिटल सातबारा हवा असतो. सर्व्हर डाऊन असला की हेलपाटा वाया आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. यंत्रणा कुठल्या कंपनीची याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ती बंद पडली तर पटकन उभी करणारं कुणी आहे का, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

भाभांनंतर

१९६३ मध्ये सरकारने देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आराखडा करायला समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद भाभांकडे दिलं. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, पण तो राबवायला भाभा उरले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेलं त्यांचं विमान आल्प्समध्ये कोसळलं. ते ५६ वर्षांचे होते.

काम मात्र थांबलं नाही. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल सुरू झाली आणि तिने देशी कॉम्प्युटर बनवले. टीआयएफआरमधल्या कॉम्प्युटर गटातून पुढे एनसीएसटी ही संस्था उभी राहिली आणि कालांतराने ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. तीच सी-डॅक, जी पुण्यात वऱ्हाडातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांनी उभी केली आणि जिथे परम महासंगणक घडला. याच सी-डॅकने पुढे मेघदूत नावाचं क्लाऊड सॉफ्टवेअर तयार केलं, ज्यावर संस्थांना स्वतःचा प्रायव्हेट क्लाऊड उभारता येतो.

सर्व्हर बाजारात मिळतात, हायपरवायझर तर फुकटही मिळतो. पण रात्री दोन वाजता काही बिघडलं तर ते उघडून दुरुस्त करणारी माणसं विकत मिळत नाहीत, ती घडवावी लागतात. आणि टिफरॅकवर काम केलेल्या त्या तरुणांना भाभांच्या संस्थेने तसंच घडवलं होतं.