रमाबाई रानडे

पुण्याच्या नारायण पेठेत लक्ष्मी रस्त्याला लागून मुलींची एक जुनी शाळा आहे. पेशव्यांच्या काळी तेथे घोड्यांची पागा होती. म्हणून शाळेलाही लोक 'हुजूरपागा' म्हणू लागले. १८८४ साली ही शाळा निघाली. ती निघावी म्हणून झटणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे हे एक प्रमुख गृहस्थ होते. मुलींसाठी हायस्कूल असावे, ही मागणी गव्हर्नरांपुढे मांडण्याकरिता पुण्यात सभा भरली, तेव्हा इंग्रजी निवेदन वाचून दाखविण्यास एक तरुण गृहिणी उभी राहिली. ती रानडे यांची पत्नी रमाबाई. दहा-अकरा वर्षांपूर्वी तिला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते!

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल त्या घरात नव्हती. पण संध्याकाळी आई मुलांना जवळ घेऊन पुराणातील कथा सांगत असे. देवाधर्माची पहिली ओळख त्यांना झाली ती अशी, पोथीवाचून.

१८७३ च्या डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती, आणि हा विवाह त्यांनी केवळ वडिलांच्या आग्रहास्तव केला होता. सासरी निघालेल्या मुलीला रमाबाईंच्या वडिलांनी एक उपदेश केला. मोठ्या घरात माणसे पुष्कळ असतात. कोणी काही बोलले तरी सोसावे, उलट उत्तर देऊ नये आणि घरातील कुरबुरी पतीच्या कानावर घालू नयेत. हा उपदेश पाळणे किती कठीण आहे, हे त्या लहान मुलीला तेव्हा काय कळणार?

रानडे यांनी लग्नानंतर लवकरच पत्नीला धुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. दिवसा त्यांना न्यायालयाचे काम व सभासंस्थांची धावपळ, आणि रमाबाईंना घरकाम. म्हणून धडे होत ते रात्री. पुढे मराठी शिकविण्यास शिक्षिका येऊ लागल्या आणि काही वर्षांनी इंग्रजीचाही अभ्यास सुरू झाला. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. बायकोने पुस्तक हाती धरणे हा त्यांच्या दृष्टीने कुळाला कमीपणा होता. त्या दुष्ट होत्या असे मात्र नव्हे. ज्या रूढीत त्या वाढल्या, तिच्याबाहेरचे जग त्यांनी पाहिलेलेच नव्हते. पण त्यांचे बोलणे सुनेला लागायचे ते लागेच. स्वयंपाक, वाढणे, सोवळ्याओवळ्याचे नियम, आल्यागेल्याचे आदरातिथ्य यांत दिवस कसा सरे ते कळत नसे. त्यातून उरलेला वेळ अभ्यासाचा, आणि त्या वेळेवरच टोमण्यांचा मारा!

या सर्व गडबडीत त्या घरात एक वेळ शांततेची होती. रानडे प्रार्थना समाजाचे होते. ईश्वर एक आहे, त्याची उपासना प्रार्थनेने व शुद्ध आचरणाने करावी, असे तो समाज मानी. उजाडण्यापूर्वी उठून, हाताने ताल धरून, ते तुकोबांचे अभंग म्हणत. कामाचा कितीही डोंगर असो, कोणी टीका केलेली असो, पहाटेचे हे भजन चुकत नसे. त्यांचा गळा काही गवयाचा नव्हता. परंतु म्हणताना ते इतके तल्लीन होत की, ऐकणाऱ्याचेही मन भरून येई. रमाबाई ते ऐकत. दिवसभर जे सोसावयाचे, त्याची शिदोरी त्यांना त्या पहाटेच मिळे.

जेवणाच्या पानावरही पतीची ही वृत्ती त्यांना दिसे. एकदा उत्तम आंबा चिरून त्यांनी पुढे ठेवला. रानडे यांना तो फार आवडला. तरीही एक-दोन फोडी खाऊन ते थांबले. रमाबाईंना नवल वाटले. गोड लागले म्हणून खातच राहावे, अशी सवय जिभेला लागू द्यावयाची नाही, हा त्यांचा नियम होता. जे मिळाले त्यात त्यांना समाधान असे.

गव्हर्नरांपुढे इंग्रजी निवेदन वाचून रमाबाई घरी आल्या, तेव्हा कौतुक तर राहिलेच, पण बोलण्यांचा वर्षाव झाला. पुरुषांच्या सभेत बाईने उभे राहून परक्या भाषेत वाचावे, ही गोष्ट घरातील बायकांना असह्य झाली. रमाबाईंपुढे दोन वाटा होत्या. शिक्षण सोडले असते तर घरात शांतता नांदली असती. उलट उत्तरे दिली असती तर मनातला संताप तरी निघून गेला असता. त्यांनी दोन्ही केले नाही. वडिलांचा उपदेश आठवून त्या मुकाट्याने कामाला लागल्या आणि त्यांचा अभ्यासही चालूच राहिला.

१८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. रानडे यांची दृष्टी अधू होती. म्हणून वर्तमानपत्रे व पुस्तके रमाबाई त्यांना वाचून दाखवीत. ज्या अक्षरांसाठी एवढे ऐकून घेतले, ती अशी उपयोगी पडली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. सत्तावीस वर्षांचा संसार संपला. रमाबाई पुण्यास परतल्या आणि वर्षभर जवळजवळ एकांतातच राहिल्या.

मग त्या बाहेर पडल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले, आणि त्यासाठी त्यांनी आपल्याच वास्तूत जागा दिली. गृहिणी, विधवा, लहान वयात शिक्षण राहून गेलेल्या मुली तेथे येऊ लागल्या. कोणी लिहावाचावयास शिके, कोणी शिवण. कित्येक जणी रुग्णसेवेचे शिक्षण घेऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्वतःची थोरवी कोठेही सांगितलेली नाही. पतीने आपल्याला काय दिले, तेच पानोपानी सांगितले आहे. घरातील जाचही लिहिला आहे, पण कडवटपणा नाही.

इस्पितळातील रोग्यांना त्या फळे, फुले व पुस्तके नेऊन देत. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटून धीर देत. आषाढी-कार्तिकीला आळंदीस यात्रा भरे, तेव्हा सेवासदनातील सेविकांना घेऊन त्या तेथे जात आणि यात्रेकरू स्त्रियांची देखभाल करीत. पूर्वी पहाटेच्या अंधारात एकटीने ऐकलेले अभंग तेथे हजारो मुखांतून ऐकू येत. अखेरच्या वर्षांतही त्यांनी ही वारी चुकविली नाही. १९२४ साली पुण्यात त्यांनी देह ठेवला.